पुसलेली घरघर : क्रिस वॉटसन ऐकताना

'निसर्गसंगीत' या शब्दाविषयी आमच्या मनात बरीच वर्षे अढी होती. समुद्राची गाज, मधूनच बासरी, तिच्यामागे सिंथेसायझरचा एक न संपणारा सूर आणि वेष्टनावर मावळता सूर्य, अशा कॅसेटींनी ती अढी पक्की केली होती. त्यामुळे २००५ च्या सुमारास एका स्नेह्याने क्रिस वॉटसन नावाच्या इंग्रज ध्वनिमुद्रकाची 'वेदर रिपोर्ट' ही सीडी आग्रहाने हाती ठेवली, तेव्हा ती आम्ही वर्तमानपत्र वाचता वाचता ऐकली. म्हणजे ऐकली नाहीच. तीत बासरी नव्हती, एवढे मात्र लक्षात आले. वारा, पाणी, कुठले तरी प्राणी, पुन्हा वारा. चार दिवसांनी सीडी परत केली आणि 'छान आहे' असे म्हटले. स्नेही सुज्ञ असल्याने त्याने पुढे काही विचारले नाही.

तिच्याकडे आम्ही पुन्हा वळलो ते काही वर्षांनी, आणि एका घरगुती, काहीशा लाजिरवाण्या कारणाने. ते कारण पुढे येईलच. आधी वॉटसन.

वॉटसनचा जन्म १९५३ चा, शेफील्डमधला. शेफील्ड हे पोलादाचे गाव. भट्ट्या आणि घण यांचे आवाज तिथल्या मुलांच्या कानावर आपोआप पडत. आईवडिलांनी त्याला लहानपणी एक टेपरेकॉर्डर आणून दिला. घरातले सगळे आवाज मुद्रित करून झाल्यावर त्याने तो बागेत, पक्ष्यांना दाणे टाकतात तिथे नेऊन ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघराच्या खिडकीआडून पाहत राहिला. नंतर टेप लावली, तर काचेआडून मुका दिसलेला सगळा प्रसंग बोलू लागला होता. चोचींचे आघात, पंखांची फडफड, आपसांतली भांडणे. तो स्वतः तिथे गेला असता तर पक्षी उडाले असते आणि यांतले काहीच त्याला ऐकू आले नसते. आपण जिथे असू शकत नाही तिथे आपला कान ठेवता येतो, हा त्या मुलाला लागलेला शोध होता. पुढची सगळी कारकीर्द या एका शोधाचाच विस्तार आहे, असे आम्हांला वाटते.

हा शोध पक्ष्यांकडे परत जाण्याआधी एका विलक्षण वळणाने गेला. १९७३ साली शेफील्डमध्येच रिचर्ड एच. कर्क आणि स्टीफन मॅलिंडर यांच्यासह वॉटसनने 'कॅबरे व्हॉल्टेअर' हा गट सुरू केला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना नाव ओळखीचे वाटेल: १९१६ साली झुरिकमध्ये ह्यूगो बाल याने उघडलेल्या ज्या नाट्यगृहवजा कॅफेत दादावाद जन्मला, त्याचेच हे नाव. टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या वॉटसनच्या घराच्या माळ्यावर ही तीन मुले टेपचे तुकडे कापत, उलटे जोडत, त्यांची वेटोळी करून तोच आवाज पुन्हा पुन्हा फिरवत. विल्यम बरोज आणि ब्रायन गायसिन यांनी छापील मजकूर कात्रीने कापून तो नव्याने जुळवण्याचा जो उद्योग केला होता, त्याचे हे ध्वनिरूप. (बीट कवींशी नाते सांगणाऱ्या आपल्याकडच्या लघुनियतकालिकवाल्यांना हे तिघे आवडले असते. त्यांची गाठ पडली नाही, एवढेच.) १९७५ साली शेफील्ड विद्यापीठात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. नृत्याला म्हणून जमलेल्या श्रोत्यांपुढे या मंडळींनी तालवाद्याच्या जागी कारखान्यातल्या वाफेच्या घणाच्या आवाजाचे वेटोळे लावले. कार्यक्रमाचा शेवट मारामारीत झाला आणि मॅलिंडरला इस्पितळात जावे लागले.

पुढे 'मिक्स-अप' (१९७९), 'द व्हॉइस ऑफ अमेरिका' (१९८०), 'रेड मेक्का' (१९८१) या तबकड्या आल्या, गटाचे नाव झाले, आणि नेमके तेव्हाच, १९८१ साली, वॉटसन बाहेर पडला. तो न्यूकॅसलला गेला आणि टाइन टीज या दूरचित्रवाणी कंपनीत ध्वनिमुद्रक म्हणून नोकरीला लागला. तिथून हळूहळू पक्ष्यांकडे, जंगलांकडे. डेव्हिड अॅटनबरो यांच्या 'द लाइफ ऑफ बर्ड्स' (१९९८) आणि 'फ्रोझन प्लॅनेट' (२०११) या मालिकांमधले कितीतरी आवाज त्याने आणलेले आहेत.

या वळणाची कथा सहसा वैराग्याच्या चालीवर सांगितली जाते. कोलाहलाला कंटाळलेला तरुण कलावंत, मग वनवास, मग शांती. आम्हांला ही चाल मान्य नाही. घणाचा आवाज गाण्यात घेणारा आणि गिधाडांचा आवाज टेपवर घेणारा माणूस एकच आहे; दोन्ही ठिकाणी तो वाद्याला नकार देऊन जगात आधीच असलेल्या आवाजाला पुढे करतो. बदलले ते एवढेच, की पूर्वी कात्री आधी येई आणि ऐकणे मागाहून; आता ऐकणे आधी आले.

निसर्गपटांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक नसते. कॅमेऱ्याला दूरचे जवळ आणणारे भिंग असते. मायक्रोफोनला तसे भिंग नसते. ध्वनी गोळा करणाऱ्या अन्वस्त आकाराच्या तबकड्या मिळतात खऱ्या, पण त्या आवाजाचा वरचा भाग तेवढा ओढून आणतात, भोवतालची खोली आणत नाहीत. म्हणून अर्धा मैल दूरच्या सिंहिणीचे चित्र आपण पाहतो तेव्हा तिच्या पावलांचा आवाज पुष्कळदा स्टुडिओत कुणीतरी हातांनी काढलेला असतो. वॉटसनची रीत निराळी. तो मायक्रोफोन प्राण्याच्या वाटेवर आधीच नेऊन ठेवतो, त्याला लांबच लांब केबल जोडतो आणि स्वतः दूर जाऊन बसतो. केनियात त्याने मेलेल्या झेब्र्याच्या फासळ्यांमध्ये मायक्रोफोन लपवले आणि गिधाडे उतरण्याची वाट पाहिली. परिणामी ऐकणारा मेजवानीकडे पाहत नाही. तो स्वतःच मेजवानी असतो. 'लेखकाचा मृत्यू' शिकवताना आम्ही आजवर बरीच उदाहरणे दिली, परंतु केबलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या या कर्त्याइतके चपखल उदाहरण आम्हांला दुसरे सापडलेले नाही. त्याच्या अनुपस्थितीशिवाय कृतीच घडत नाही.

'स्टेपिंग इंटू द डार्क' (१९९६) आणि 'आउटसाइड द सर्कल ऑफ फायर' (१९९८) या 'टच' संस्थेने काढलेल्या तबकड्यांत तो बव्हंशी इथवरच थांबला: एक जागा, एक वेळ, एक सलग तुकडा. २००३ च्या 'वेदर रिपोर्ट'मध्ये मात्र त्याने पुन्हा कात्री उचलली. तीत प्रत्येकी अठरा मिनिटांचे तीन खंड आहेत. पहिल्यात मसाई माराचा पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा चौदा तासांचा दिवस. दुसऱ्यात स्कॉटलंडमधल्या एका दरीचे सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने. आणि तिसऱ्यात आइसलंडच्या वाट्नायोकुल हिमनदीतल्या बर्फाचा समुद्रापर्यंतचा दहा हजार वर्षांचा प्रवास. चौदा तास, चार महिने, दहा हजार वर्षे. तिघांनाही अठराच मिनिटे. काळाची ही दामटी कादंबरीकार रोज वळतो आणि आपण त्याला जाब विचारत नाही. ध्वनिमुद्रकाने वळली की मात्र आपल्याला 'हे खरे का?' असा प्रश्न पडतो. माराचा दिवस ऐकताना सांधे कुठे आहेत ते कळत नाही. ऊन चढत जाते, किड्यांचा पट दाट होतो, हवा जड होते, वादळ येते. यातली एकही क्षणाची नोंद खोटी नाही आणि असा दिवस मात्र कधी उजाडलेला नाही.

आता ते घरगुती कारण.

१९८७ च्या मे महिन्यात आम्ही आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. गिरणी गावात येऊन पुष्कळ वर्षे झाली होती. आजी पहाटे जात्यावर बसली ती निव्वळ आमच्या हट्टाखातर, 'एवढं काय त्यात टेप करायचं' असे म्हणत. एका बाजूची पाऊण तासाची कॅसेट भरली. आजी १९९३ साली गेली. त्यानंतर ती कॅसेट आमच्याकडे एखाद्या ताम्रपटासारखी होती. २००४ साली फीत खराब होण्याच्या भीतीने आम्ही ती शहरातल्या एका स्टुडिओत सीडीवर उतरवून घ्यायला दिली. तिथला तरुण कामात हुशार होता. त्याने दोन मिनिटे ऐकली आणि म्हणाला, "मागे खूप घरघर आहे. काढून टाकू? आजींचा आवाज एकदम स्वच्छ येईल." आम्ही हो म्हटले. हे नीट नोंदवून ठेवले पाहिजे: आम्ही हो म्हटले, आणि काम झाल्यावर वर त्याचे आभारही मानले. पुढे घर बदलताना 'आता सीडी आहेच' म्हणून जुन्या कॅसेटींचे खोके भंगारात गेले. त्यात ती होती.

सीडीवर आजी खरोखरच स्वच्छ ऐकू येत होती. बंद कपाटात बसून गावी तशी.

दोन वर्षांनी लोकसाहित्याच्या तासाला आम्ही मोठ्या अभिमानाने ती वर्गात लावली. ओवी हा छंद कसा श्रमाच्या लयीतून येतो, हे सांगून झाले होते. चार ओव्या झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या मध्येच का थांबतात? ओळ पूर्ण व्हायच्या आधीच?" आम्ही श्वासाविषयी, स्मृतीविषयी काहीतरी सांगितले. तास संपला. घरी आल्यावर पुन्हा लावली तेव्हा ध्यानात आले की आजी थांबत होती ती वैरण घालण्यासाठी. उजव्या हाताने खुंटा फिरता ठेवून डाव्या हाताने मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे, तेवढा वेळ ओळ अडते. दाणे पडले की जाते जड होते, घरघर खालच्या सुरात जाते, आणि गाणारी त्या जडपणावर जोर देऊन पुढचा शब्द उचलते. मूळ फितीत हे सगळे होते. जात्याचा सूर उतरला की आजीचा चढे. आम्ही एक पक्ष पुसून टाकला होता आणि उरलेल्या पक्षाला 'ओवी' म्हणून वर्गात वाजवत होतो. ज्याला आम्ही पार्श्वभूमी समजलो, ते त्या कवितेचे वृत्त होते.

त्या रात्री आम्हांला 'वेदर रिपोर्ट' आठवली. सकाळी स्नेह्याला फोन केला. सीडी पुन्हा आणली आणि दिवे मालवून, कानाला हेडफोन लावून, पहिल्यांदा ऐकली.

वॉटसनच्या ध्वनिमुद्रणात मागे काही नसते, हे तेव्हा कळले. म्हणजे आवाज एकमेकांच्या मागेपुढे असतात, पण त्यांत मानकरी कुणी नसतो. स्कॉटिश दरीतला वारा हा हरणाच्या हंबरण्याची पार्श्वभूमी नाही. वारा बदलतो म्हणून हंबरणे तसे ऐकू येते. बर्फाच्या खंडात तर जवळजवळ कुणी 'पात्र'च नाही, नुसते करकरणे, कण्हणे, ठिबकणे. अठरा मिनिटे ते ऐकले की शेवटी पाणी वाहू लागते तेव्हा अंगावर काटा येतो, आणि का ते सांगता येत नाही.

आपली मराठी ऐकण्याची सवय याहून वेगळी आहे, हे इथे मान्य करावे लागते. आपण आवाजाला लगेच शब्द देतो. मृगाच्या तोंडावर पावशा ओरडतो तो आपल्याला 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून ऐकू येतो. टिटवी ओरडली की अशुभ, कावळा ओरडला की पाहुणा. ही कमतरता नव्हे. शेतकऱ्याला पक्ष्याशी बोलता येते ही मोठीच गोष्ट आहे. पण एकदा शब्द दिला की कान मिटतात. 'पेरते व्हा' ऐकू आल्यावर त्या पक्ष्याचा आवाज प्रत्येक फेरीला वर वर चढत जाऊन अचानक तुटतो, हे ऐकायला कोण थांबते? मारुती चितमपल्लींसारखा एखादाच लेखक दोन्ही करू शकतो: नावही देतो आणि नावापलीकडचेही ऐकतो.

वॉटसनविषयी आमची एक शंका मात्र आजही मिटलेली नाही. तोही पुसतोच ना? विमान जाईपर्यंत तो थांबतो. रस्ता दूर असेल अशी जागा शोधतो. माणूस नसलेली वेळ निवडतो. स्टुडिओतल्या त्या तरुणाने नंतर केले ते वॉटसन आधी करतो, असे कुणी म्हटले तर उत्तर काय? आमचे उत्तर असे, की थांबून मिळालेली शांतता त्या जागेची असते, यंत्राने केलेली शांतता कुठल्याच जागेची नसते. हे उत्तर आम्हांला स्वतःलाच पुरेसे वाटत नाही, पण याहून बरे सुचलेलेही नाही. अमेरिकेतल्या बर्नी क्राउजचा मार्ग याबाबतीत अधिक रोखठोक आहे. तोही मूळचा सिंथेसायझरवाला. कॅलिफोर्नियातल्या लिंकन मेडो या कुरणाचे त्याने १९८८ साली ध्वनिमुद्रण केले. मग तिथे निवडक वृक्षतोड झाली. वर्षभराने तो त्याच जागी, त्याच ऋतूत परत गेला. छायाचित्रात कुरण जसेच्या तसे. ध्वनीत पक्ष्यांचा तो दाट मेळा गेलेला. क्राउज पुरावा आणतो. वॉटसन पुराव्यापाशी थांबत नाही, म्हणून तो अधिक संशयास्पद आणि आमच्या लेखी अधिक मोठा.

शंकेचे अर्धे उत्तर त्याच्या २०११ च्या 'एल ट्रेन फँटास्मा'मध्ये आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रीय रेल्वेने लोस मोचिसपासून वेराक्रूझपर्यंत, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर, तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी महिनाभर हिंडला होता. पुढे ती प्रवासी गाडी बंदच झाली. जुन्या मुद्रणांतून त्याने ती पुन्हा चालवली: रूळ, भोंगे, कुणाची तरी घोषणा, डब्याबाहेरचे किडे आणि पक्षी. १९४८ साली पिएर शेफरने आगगाड्यांच्या आवाजातून केलेल्या रचनेला हा उघड नमस्कार आहे. आणि ऐकता ऐकता चाकांचा ठोका कधी ताल होतो ते समजत नाही. शेफील्डचा तो वाफेचा घण इतक्या वर्षांनी इथे परत येतो. (२०१९ च्या 'चेर्नोबिल' मालिकेसाठी हिल्डर गुडनाडोटिर या संगीतकर्तीने लिथुएनियातल्या बंद पडलेल्या इग्नालिना अणुवीज केंद्रातले आवाजच वाद्य म्हणून वापरले, ते मुद्रित करायला बरोबर वॉटसन होता. आणि कर्कच्या २०२१ मधील निधनानंतर, २०२५ साली, मॅलिंडर आणि तो 'कॅबरे व्हॉल्टेअर' या नावाने पुन्हा रंगमंचावर आले. वैराग्याची चाल लावणाऱ्यांनी याचे काय केले, कोण जाणे.)

आम्ही विद्यार्थ्यांना सर्वाधिक ऐकवतो ती मात्र २०१३ ची 'इन सेंट कथबर्ट्स टाइम'. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. इसवी सन ७०० च्या आसपास तिथे एडफ्रिथ या मठवासीयाने वासराच्या कातड्यावर शुभवर्तमानांची एक अद्भुत सचित्र पोथी लिहिली. ती पोथी २०१३ साली डरॅम इथे प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा वॉटसनने स्वतःला विचारले, की लिहिताना एडफ्रिथच्या कानावर काय पडत असेल? चार ऋतूंचे चार खंड. हिवाळ्यातले हंस-बदकांचे थवे, सील माशांचे विलाप, वसंतातला पहाटमेळा, आणि संत कथबर्टच्या लाडक्या नावाने अजूनही ओळखले जाणारे आयडर बदक, ज्याचा आवाज थेट एखाद्या चकित झालेल्या आजीबाईसारखा आहे. लेखणीचा आवाज मुख्य आणि समुद्र मागे, असे तिथे नाही. पोथी कुठेच ऐकू येत नाही. फक्त ज्या हवेत ती लिहिली गेली ती हवा.

हे ऐकून झाल्यावर आम्ही वर्गाला एकच विचारतो. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, तेव्हा प्रवरेच्या काठी काय ऐकू येत होते? मुले आधी हसतात. मग कुणी नदी म्हणते, कुणी टिटवी, कुणी बैलांच्या घंटा. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "जातं." पहाटे सांगत असतील तर गावभर जातीच चालू असणार. ओवी ज्या लयीत सांगितली जात होती, ती लय भिंतीपलीकडून येत असणार. आम्ही तासाचे टिपण मिटवले.

आजीची सीडी अजून आहे. अलीकडे ती नीट हेडफोनवर ऐकताना एक गोष्ट आढळली. त्या तरुणाने बसवलेले यंत्र आजी गप्प झाली की दार लावून घेई आणि ती गाऊ लागली की उघडे. त्यामुळे थांब्यांमध्ये ठार शांतता आहे, पण तिच्या आवाजाखाली काहीतरी निसटून आत आलेले आहे. घरघर नाही, ती गाळली गेली. सहाव्या ओवीत, 'माझ्या' या शब्दाच्या लांबवलेल्या स्वराखाली, पावशा आहे. आजी थांबली की तोही थांबतो. ती पुढची ओळ उचलते आणि तो पुन्हा सुरू होतो, मधल्या दोन पायऱ्या चढून गेलेला.